थिंकपॅडवाले नेमके कशावरून भांडतात?

परवा ग्रुपवर एकाने ऑफिसमधून मिळालेल्या नव्या लॅपटॉपचा फोटो टाकला. काळा, चौकोनी, कीबोर्डच्या मधोमध लाल ठिपका, म्हणजे थिंकपॅडच. दोन मिनिटांत दुसऱ्याचा रिप्लाय आला, "अरे कंट्रोल टोकाला नेलं यांनी. बोंबला." ग्रुपमधल्या बाकीच्यांना काही कळेना, की एक बटण शेजारच्या बटणाच्या जागी गेलं तर यात बोंबलण्यासारखं काय, पण पुढचा तासभर ते दोघं जे काही भांडले ना, ते वाचून मला वाटलं की हे सगळं प्रकरण एकदा नीट लिहून काढावं, कारण वरवर बटणांचं दिसत असलं तरी भांडणाचं मूळ भलतीकडेच आहे.

आधी थोडा इतिहास, म्हणजे पुढचं लक्षात येईल.

थिंकपॅड आला ऑक्टोबर १९९२ मध्ये, आयबीएमचा. 'थिंक' हा त्या कंपनीचा फार जुना मंत्र, आणि तो शब्द छापलेल्या खिशात मावणाऱ्या वह्या तिथले लोक बाळगायचे, नाव त्यावरूनच. पहिल्या खेपेतला सगळ्यात गाजलेला ७०० सी, १०.४ इंची कलर स्क्रीन आणि किंमत ४,३५० डॉलर, १९९२ चे बरं का. दिसायला कसा असावा हे ठरवलं रिचर्ड सॅपर यांनी. जर्मन माणूस, मिलानमध्ये राहून काम करणारा, आणि त्याने डोक्यात धरला होता जपानी बेंटो बॉक्स, तो लाखेचा काळा जेवणाचा डबा. बाहेरून एकदम साधा, आत काय आहे ते उघडल्यावर कळावं. इंजिनिअरिंग जपानमधल्या यामातो इथल्या लॅबमध्ये, तिथले अरिमासा नाइतो यांना थिंकपॅडचे जनक म्हणतात. हे यामातो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तो लाल ठिपका. त्याचं नाव ट्रॅकपॉइंट आणि तो टेड सेल्कर यांच्या डोक्यातून आला. हिशोब असा, की टायपिंग करताना हात कीबोर्डवरून उचलून माउसवर न्यायला साधारण पाऊण सेकंद जातो. दिवसातून शेकडो वेळा पाऊण सेकंद, परत यायचा वेळ वेगळाच. मग हात उचलूच नका, जी, एच आणि बी च्या मध्ये एक गुंडी ठेवू, तर्जनीने ती ढकला. गंमत म्हणजे ती गुंडी जवळजवळ हलतच नाही. खाली ताण मोजणारे सेन्सर असतात, तुम्ही किती जोराने आणि कुठल्या बाजूला रेटताय ते मोजतात आणि त्यानुसार कर्सर पळतो, हळू रेटलं तर हळू, जोरात रेटलं तर सुसाट. त्यामुळेच कधीकधी बोट बराच वेळ एकाच बाजूला टेकलेलं राहिलं की सेन्सरला वाटतं हीच शून्याची जागा, आणि बोट काढल्यावर कर्सर आपला आपण एका बाजूला सरकत राहतो. नवीन माणूस घाबरतो, व्हायरस आला म्हणतो. जुना माणूस बोट उचलतो, दोन-तीन सेकंद थांबतो, चहाचा घोट घेतो, तोवर ते जागेवर येतं.

आणि ट्रॅकपॉइंट एकटा नसतो, त्याच्याबरोबर स्पेसबारखाली तीन बटणं असतात. मधलं बटण अंगठ्याने दाबून धरायचं आणि गुंडी वर-खाली रेटायची की पान स्क्रोल होतं. ज्याच्या हाताला याची सवय लागली तो टचपॅडला हातही लावत नाही, काही लोक तर टचपॅड सेटिंगमधून बंदच करून टाकतात. ही बटणं पण लक्षात ठेवा.

डिसेंबर २००४ मध्ये जाहीर झालं की आयबीएम आपला पीसीचा आख्खा धंदा चीनच्या लेनोवोला विकणार, मे २००५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला, सगळं धरून पावणेदोन अब्ज डॉलरचा. इथे पहिली मोठी फूट पडली. आजही एक गट आहे जो म्हणतो की खरा थिंकपॅड २००५ ला संपला, नंतरचं सगळं नावापुरतं. हे मला कधीच पटलेलं नाही. एक तर व्यवहारात यामातोची टीमसुद्धा लेनोवोकडे आली, म्हणजे डिझाइन करणारी माणसं तीच. आणि दुसरं म्हणजे हेच लोक ज्या मॉडेल्सची आरती करतात ती बघा, एक्स २२० आला २०११ ला, टी ४८० आला २०१८ ला. दोन्ही लेनोवोचेच की! २००८ चा एक्स ३०० घ्या, त्याच सुमारास मॅकबुक एअर पाकिटातून काढून दाखवला होता, त्या एअरला एकच यूएसबी आणि डीव्हीडी नाही, आणि या एक्स ३०० ला तेवढ्याच पातळ गटात बसून तीन यूएसबी, नेटवर्क केबलची जागा, डीव्हीडी रायटर आणि वर काढता येणारी बॅटरी. महाग होता, पण तो लेनोवोच्याच काळातला. म्हणजे मालक बदलला म्हणून बिघडलं ही गोष्ट काही जमत नाही. बिघडलं असेल तर नंतर आणि वेगळ्या कारणाने.

खरी ठिणगी पडली २०१२ ला, कीबोर्डवरून.

तोपर्यंत थिंकपॅडला सात ओळींचा कीबोर्ड असायचा. बटणं मधोमध किंचित खोलगट, एकमेकांना लागून. वरची एफ-वन ते एफ-ट्वेल्व्ह चार-चारच्या गटात, मध्ये फट, म्हणजे अंधारात बोटाने चाचपून कळावं की हे एफ-फाइव्ह. उजवीकडे वर होम, एंड, पेज अप, पेज डाउन, इन्सर्ट, डिलीट हा सहा बटणांचा चौक, आणि डिलीट चांगलं लांबडं, न बघता दाबता येईल असं. २०१२ च्या टी ४३० आणि एक्स २३० ला हे सगळं जाऊन सहा ओळींचा, सुट्या सुट्या चपट्या बटणांचा कीबोर्ड आला. पेज अप आणि पेज डाउन बाणांच्या डोक्यावर जाऊन बसली, आणि प्रिंट स्क्रीन गेलं खाली, उजव्या ऑल्ट आणि कंट्रोलच्या मध्ये! तिथे उजव्या हाताचा अंगठा घसरला की झालं, नको तेव्हा स्क्रीनशॉट.

कंपनीने हे का केलं? फॅशन हे एक कारण आहेच, पण एक कारण टीव्हीपर्यंत जातं आणि ते फार कमी लोक सांगतात. जुन्या लॅपटॉपची स्क्रीन असायची ४:३, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन, मग आली १६:१०, आणि २०१० च्या आसपास सगळा बाजार १६:९ वर गेला, कारण टीव्ही १६:९ चे झाले आणि पॅनलच्या कारखान्यांना एकाच आकाराचं कापणं स्वस्त पडायला लागलं. आता पट्टी घेऊन बसा. १४.१ इंची ४:३ स्क्रीनची उंची भरते साधारण साडेआठ इंच, आणि १४ इंची १६:९ ची उंची सात इंचापेक्षाही कमी. म्हणजे इंच कर्णाचे सारखेच दिसतात, पण उंचीत दीड इंचाहून जास्त कापली गेली. लॅपटॉपचं झाकण जेवढं उंच तेवढाच खालचा भाग खोल. त्या कमी झालेल्या खोलीत कीबोर्ड बसवायचा, त्यात लोकांना मॅकसारखा मोठा टचपॅड पण हवा. मग बळी कोणाचा जाणार? सातव्या ओळीचा. दिवाणखान्यातल्या टीव्हीने आपल्या डिलीटच्या बटणाचा असा घास घेतला.

बरं, सहा ओळींचा कीबोर्ड वाईट होता का? माझं मत विचाराल तर नाही. सवय गेली एवढंच, टायपिंगला तो आजूबाजूच्या बऱ्याच लॅपटॉपपेक्षा चांगलाच होता. हे मी बोललो की जुनी मंडळी माझ्याशी आठवडाभर बोलत नाहीत ते सोडा.

पण २०१३ ला जे केलं त्याची बाजू घेणारा मला अजून भेटलेला नाही. टी ४४० वगैरे आले आणि ट्रॅकपॉइंटची ती तीन बटणं गायब. त्याऐवजी आख्खा टचपॅडच खाली दबणार, वरच्या कडेला दाबलं तर ते बटण समजायचं. कागदावर ठीक वाटतं, पण अंगठ्याला कळणार कसं की डावं कुठे संपतं आणि मधलं कुठे सुरू होतं? दाबायला गेलं की आख्खी पाटी हलणार. ज्यांच्यासाठी लाल ठिपका ठेवला त्यांच्याच हाताखालून जमीन काढून घेतली. त्याच पिढीत थिंकलाइट गेला, म्हणजे स्क्रीनच्या वरच्या कडेला असलेला तो छोटा दिवा जो खाली कीबोर्डवर उजेड पाडायचा. कीबोर्डच्या आतून उजेड देणारी बटणं आली म्हणून तो काढला, पण आतला उजेड फक्त बटणं दाखवतो, थिंकलाइट शेजारची वही पण दाखवायचा. लोडशेडिंगच्या काळात आमच्याकडे एका मित्राचा जुना टी सिरीज चक्क कंदिलाचं काम करायचा, त्या उजेडात आम्ही दोघांनी सबमिशनची जर्नलं पुरी केलीयत. दिवे पण गेले, हार्ड डिस्क चालू आहे हे दाखवणारा तो लुकलुकणारा ठिपका. आणि २०१४ च्या एक्स वन कार्बनने तर कमाल केली, एफ-कीजच काढून तिथे टचची पट्टी लावली, कॅप्स लॉक काढून त्या जागी होम आणि एंड. पुढच्याच वर्षी सगळं परत! २०१५ ला पट्टी गेली, ट्रॅकपॉइंटची बटणं परत आली. लोकांनी तर टी ४५० चा बटणंवाला टचपॅड विकत घेऊन टी ४४० मध्ये बसवला, बसतो तो.

म्हणजे ओरडलं की ऐकतात असं फॅन लोकांना वाटायला लागलं. त्यात २०१५ लाच डेव्हिड हिल, जे तेव्हा डिझाइनचे प्रमुख होते, त्यांनी जाहीरपणे विचारलं की जुन्या धाटणीचा, पण आतून नवा असा थिंकपॅड काढला तर काय काय हवं? लोकांनी मनापासून याद्या दिल्या. ऑक्टोबर २०१७ ला पंचविसाव्या वाढदिवसाला तो आला, थिंकपॅड २५. सात ओळींचा कीबोर्ड, तोही आतून उजेडाचा, लोगोत जुन्या आयबीएमसारखे तीन रंग. पण खाली आत सगळा टी ४७०. ४:३ स्क्रीन नाही, थिंकलाइट नाही. मर्यादित नग, किंमत अमेरिकेत १,८९९ डॉलर. ज्यांना मिळाला ते खूष, बाकीचे म्हणाले की ही तर वाढदिवसाची टोपी आहे, रोज थोडीच घालणार.

आता येतो मुद्द्यावर, कारण बटणं हा भांडणाचा आवाज आहे, विषय वेगळा आहे.

टी ४८० उघडून बघा. आत दोन बॅटऱ्या, एक आतली २४ वॅट-अवरची, दुसरी मागून खटकन निघणारी, मोठी घेतली तर ७२ ची. बाहेरची संपली की लॅपटॉप चालू असतानाच काढा आणि दुसरी लावा, तेवढा वेळ आतली सांभाळते. रॅमचे दोन स्लॉट. खालचं झाकण काढलं की सगळं हाताशी. २०१९ ला टी ४९० आला आणि बाहेरची बॅटरी गेली, रॅमचा एक हिस्सा बोर्डावर कायमचा सोल्डर, स्लॉट एकच उरला. छोट्या एक्स सिरीजमध्ये हे आधीच झालं होतं, २०१८ च्या एक्स २८० ला रॅम आख्खी सोल्डर. ८ जीबीचा घेतला तर तो मरेपर्यंत ८ जीबीचाच. आणि त्याचा आजोबा एक्स २२०, त्यात दोन स्लॉट, कागदोपत्री ८ पण १६ जीबी घातली तरी मुकाट चालतो.

सोल्डर करण्यामागे नुसता हलकटपणा आहे असं नाही. पातळ लॅपटॉपमध्ये जी कमी वीज खाणारी रॅम वापरतात, एलपीडीडीआर, ती कमी व्होल्टेजवर फार वेगात चालते, आणि त्या वेगात सिग्नलला लांबचा रस्ता आणि मधला स्लॉटचा सांधा मानवत नाही. म्हणून ती प्रोसेसरच्या अगदी शेजारी चिकटवावी लागते. यावर तोडगा आलाय, एलपीकॅम-टू नावाचं चपटं मॉड्यूल जे स्क्रूने बोर्डावर आवळतात, २०२४ चा थिंकपॅड पी वन त्यासकट आला. पण टी ४९० मध्ये साधीच डीडीआर-फोर होती, तिथे हे कारण लागू होत नाही. तिथे पातळपणा आणि पैसा, दुसरं काय.

मग प्रश्न असा, की एवढे लोक ओरडतात तर कंपनी हे करतेच का? कारण ओरडणारे तिचे गिऱ्हाईक नाहीतच! हे जरा कडू आहे, पण बघा. नवा थिंकपॅड दुकानात जाऊन स्वतःच्या पैशाने घेणारे तुमच्या ओळखीत किती? माझ्या ओळखीत एक. बाकी सगळे कंपन्या घेतात, हिंजवडीतल्या एखाद्या आयटी कंपनीची ऑर्डर म्हणजे शेकड्यांनी नग, तेही बऱ्याचदा तीन वर्षांच्या लीजवर. तिथला खरेदीवाला माणूस बघतो वॉरंटी, वजन, सिक्युरिटी, एकाच वेळी किती मिळतील ते. रॅम वाढवता येते का हा प्रश्न त्याला पडतच नाही, कारण तीन वर्षांनी ती मशिनं परत जाणार आणि नवीन येणार. ती परत गेलेली मशिनं ट्रकने बाजारात येतात, आणि मग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या गाळ्यात थप्पी लागते, आणि तिथे उभे असतो आम्ही, झाकण उघडून बिजागरी हलवून बघणारे, ट्रॅकपॉइंटची टोपी झिजलीय का ते पाहणारे. माझा एक्स २२० असाच घेतलेला. कंपनीला त्यातून माझा एक रुपया मिळालेला नाही.

थिंकपॅडचा फॅन म्हणजे वारसदार, गिऱ्हाईक नव्हे. त्याला जे हवं असतं, सुटं होणं, भाग मिळणं, दहा वर्षं टिकणं, ते सगळं दुसऱ्या मालकाचं हवं-नको आहे. पहिला मालक मशीन वापरतो फक्त तिच्या तरुणपणी. नव्वदच्या दशकात आणि नंतरही बराच काळ या दोघांना एकच गोष्ट हवी होती, कारण तेव्हा कंपन्यांचे आयटीवाले स्वतःच लॅपटॉप उघडून दुरुस्त करायचे, टेबलाच्या खणात सुट्या बॅटऱ्या, कीबोर्ड, हार्ड डिस्का पडलेल्या असायच्या. माझ्या एक्स २२० वर एकदा आख्खा कप चहा सांडला, कीबोर्डखालच्या नाळीतून तो खाली टेबलावर गळाला, मग मी खालचे स्क्रू काढून कीबोर्ड पुढे सरकवून उचलला, नवा टाकला, वीस मिनिटांचं काम. ही सोय माझ्यासाठी नव्हती केलेली, त्या आयटीवाल्यासाठी होती. मला ती वारशात मिळाली. पुढे तो आयटीवाला बदलला, फोन लावून दुसरा लॅपटॉप मागवायला लागला, आणि वारसा आटला.

टी ४८० एवढा का पुजला जातो तेही यातून कळतं. बाहेरची बॅटरी असलेला तो शेवटचा टी सिरीज, आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, जो टी ४८० मध्ये मिळतो आणि टी ४७० मध्ये नाही. ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि रेषा बरोबर या दोघांच्या मधून गेली. जुनं शेवटचं आणि नवं पहिलं एकाच डब्यात, असा योग पुन्हा नाही. (लिनक्स टाकणाऱ्यांना या रेषेशी घेणंदेणं नाही, ते एक्स २२० वर सुखात आहेत, मी पण.)

अर्थात जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांना एक सांगायला पाहिजे. तुमच्या आठवणीतला एक्स २२० आणि खरा एक्स २२० यात फरक आहे. १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन, आयपीएस, म्हणजे कुठल्याही कोनातून नीट दिसणारी, नसलेली मिळाली तर मान जरा खाली केली की रंग उलटे. मोठी बॅटरी मागे शेपटासारखी बाहेर. आजच्या थिंकपॅडची स्क्रीन शेजारी ठेवली तर जुन्यात बघवत नाही. शिवाय १६:१० स्क्रीन परत आलीय, टी १४ ला २०२२ पासून, म्हणजे टीव्हीने नेलेल्या उंचीतला थोडा भाग तरी परत मिळाला. सातवी ओळ काही आली नाही, आणि बटणं खाली दबण्याचं अंतर १.८ वरून १.५ मिलिमीटरवर आलं, ते बोटांना कळतं.

आणि रॅम? इथे गोष्ट उलटी फिरली. २०२४ च्या टी १४ जेन ५ ला, म्हणजे टी १४ च्या पाचव्या पिढीला, परत रॅमचे दोन स्लॉट आले, बॅटरी सहज निघते, कीबोर्ड सहज निघतो, दुरुस्तीचे मार्क देणाऱ्या आयफिक्सिटने १० पैकी ९ दिले, लेनोवोने त्यांनाच सल्ल्याला घेतलं होतं. हे फॅन लोकांच्या आरडाओरड्याने झालं असं मला वाटत नाही. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचा गुणांक लिहावा लागतो, युरोपचा बॅटरीचा नियम फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला बॅटरी काढता आली पाहिजे असं म्हणतो, आणि मोठ्या कंपन्यांना कचरा किती कमी केला ते आता अहवालात दाखवायचं असतं. म्हणजे पहिल्या मालकालाच परत ते हवंसं झालं, आणि वारसदारांचं नशीब उघडलं.

सुरुवातीचं ते कंट्रोलचं प्रकरण पण २०२४ चंच. थिंकपॅडला डावीकडे खाली टोकाला एफएन, म्हणजे दुसऱ्या बटणांची जादा कामं चालू करणारं बटण, असायचं आणि कंट्रोल त्याच्या शेजारी, बाकी दुनियेत बहुतेक उलटं. नवीन माणूस कॉपी करायला जाऊन एफएन दाबायचा आणि वैतागायचा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, अदलाबदल करायची सोय बरीच वर्षं होती, तरी २०२४ ला बटणांच्या टोप्याच बदलल्या. आमच्या ग्रुपवरच्या त्या तासभराच्या भांडणात दोघंही सेटिंग करून आपल्याला हवं तसं करू शकत होते, केलं एकानेही नाही. आणि जानेवारी २०२५ ला एक्स ९ आला, त्यात तर लाल ठिपकाच नाही. तो बघून मी पण दोन मिनिटं गप्प बसलो, मग म्हटलं बाकीच्या मॉडेल्सना आहे ना अजून.

भांडणारा मित्र शेवटी म्हणाला, "तुला काय, तू नवीन घेतच नाहीस." खरं आहे. टी १४ जेन ५ ज्या कंपन्यांनी २०२४ ला तीन वर्षांच्या लीजवर घेतले ते २०२७ ला सुटतील. मी त्या गाळेवाल्या काकांना आत्ताच सांगून ठेवलंय, आले की पहिला फोन मला करा, ८ जीबीवाला दिलात तरी चालेल.